माकडं डावरी की उजवी? तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नाच्या पंगतीत, नाशिकरोडच्या रिक्षात, स्टाफरूममध्ये, आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात आरसा धरलेला असताना. पीएचडीसाठी मी त्र्यंबकला माकडं कुठला हात वापरतात ते मोजायचे, तेव्हापासून प्रश्न तोच. "मग शेवटी काय निघालं? माकडं डावरी की उजवी?" आधी हसू येतं, मागून प्रश्न. काहींना खरंच ऐकायचं असतं, बहुतेकांना पुढची भजी येईपर्यंत वेळ काढायचा असतो. पंधरा वर्षं मी "दोन्ही" म्हणून सुटत आले. ते उत्तर खोटं नाही, पण ते देताना मी काय गिळते ते मला माहीत आहे. तर तुम्ही विचारलंत म्हणून, एकदाच, सगळं.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ते कात्रण पाहिलंय. स्थानिक पेपरातली छोटी चौकट, 'त्र्यंबकची माकडं डावरी', शेजारी गळ्यात दुर्बीण अडकवलेली मी. आईनं लॅमिनेट करून फ्रिजवर लावलं होतं. ती बातमी चुकीची होती. पेपरवाल्यांनी मी सांगितलं तेच छापलं. चूक माझी.

आता लगेच "म्हणजे उजवी का?" असं विचारू नका. गोम तिथंच आहे.

'हे माकड' आणि 'माकडं' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एकेका माकडाचा हात ठरलेला असतो, हे चार दिवस एका जागी बसलं की कुणालाही दिसेल. गंगाद्वाराच्या पायऱ्यांवर एक म्हातारी मादी होती, मी तिला पाटलीण म्हणायचे. ती शेंग डाव्या हातात धरायची आणि उजव्यानं सोलायची, नेहमी. तिच्याच टोळीतला कानफाट्या बरोबर उलटा. काहींचं काहीच ठरलेलं नव्हतं, जो हात मोकळा तो पुढे. म्हणजे टोळी पाहिली तर डावे, उजवे आणि बिनहिशेबी, सगळे एकत्र नांदत होते. माणसात तसं नाही. माणसात साधारण दहातले नऊ उजवे, आणि डावऱ्यांचं बहुमत असलेला एकही समाज आजवर सापडलेला नाही. एकट्या जीवाला एक हात जवळचा वाटणं समजू शकतं, सवय म्हणा, सराव म्हणा. पण अख्खी जात एकाच बाजूला का कलावी? कोडं माणसाचं आहे. माकडांना आपण फक्त साक्षीला बोलावतो.

आणि आपल्याला ते कोडं वाटतही नाही, कारण भाषेनं निकाल आधीच लावून ठेवलाय. सरस ते उजवं. बाजूला सारायचं ते डावलायचं. मुलगी उजवायची. दोघा लेकरांत डावंउजवं करू नये म्हणतात, आणि ते सांगणारा शब्दच डावंउजवं करून बसलेला. एका माकडाच्या बाबतीत मात्र म्हण तटस्थ राहिली. माकडाच्या हाती कोलीत. कुठल्या हाती, ते सांगितलेलं नाही.

हात मोजता मोजता माणूस मेंदूपर्यंत कसा पोचतो, तेही सांगते, कारण "हातावर कसली पीएचडी?" हाही प्रश्न मला येतो. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका नावाच्या सर्जनकडे एक रुग्ण होता. लेबोर्न त्याचं नाव. त्याला समोरच्याचं बोलणं बरंचसं समजायचं, पण स्वतः बोलताना 'टॅन' यापलीकडे फारसं काही निघायचं नाही. तो वारल्यावर ब्रोकानं त्याचा मेंदू पाहिला. इजा डाव्या बाजूला, पुढच्या भागात. असे आणखी रुग्ण पाहून १८६५ साली त्यानं लिहिलं, की आपण मेंदूच्या डाव्या अर्ध्यानं बोलतो. आता, शरीराचा उजवा हात चालवतो तोही डावाच अर्धा, कारण मेंदूतून खाली येणारे बहुतेक तंतू लंबमज्जेत बाजू बदलतात. मग लोकांनी सरळ बेरीज केली. बोलणं डावीकडे, कसबी हाताचा कारभारही डावीकडे, म्हणजे माणूस बोलतो म्हणून उजवा आहे. माकड बोलत नाही, तेव्हा त्याला ना बाजू ना हात. ही बेरीज इतकी गोळीबंद दिसायची की कॉलेजात मलाही ती पटली होती.

बेरीज चुकते ती अशी. डावऱ्या माणसांपैकीही सुमारे ७० टक्के लोकांचं बोलणं डाव्याच अर्ध्यात असतं. म्हणजे हात आणि बोलणं एका गाडीला जुंपलेले बैल नव्हेत. आणि माकडाच्या मेंदूला बाजू नाही हे तर साफ चूक. १९८४ साली हेफ्नर दांपत्यानं जपानी माकडांवर दाखवलं, की मेंदूच्या कानाजवळच्या भागात डावीकडे इजा झाली तर आपल्याच जातीच्या हाका ओळखताना ती अडखळतात, उजवीकडे झाली तर तसं होत नाही. १९८८ मध्ये हॅमिल्टन आणि व्हर्मायर यांनी दोन्ही अर्ध्यांमधला दुवा कापलेली ऱ्हीसस माकडं तपासली. रेषांचा तिरकेपणा ओळखायला डावा अर्धा सरस, माकडांचे चेहरे ओळखायला उजवा. त्यांत बोलण्याचा काही संबंध नाही. मेंदूच्या ज्या पट्ट्याला माणसात भाषेचं घर मानतात, तो १९६८ साली गेश्विंड आणि लेवित्स्की यांनी शंभर मेंदूंत मोजला, तर ६५ मध्ये डावीकडे मोठा निघाला. १९९८ मध्ये तोच पट्टा चिंपांझींत मोजला, तर १८ पैकी १७ जणांत डावीकडे मोठा. आणि माझं काम संपून बरीच वर्षं झाल्यावर, २०१८ मध्ये, फ्रान्समधल्या बबून माकडांतही तसंच दिसलं. ते वाचलं त्या रात्री मी उगाच जागी होते.

म्हणजे घर आधीपासून बांधलेलं होतं. भाषा नंतर राहायला आली. हे मला हातांपेक्षा कितीतरी सुंदर वाटतं, पण पंगतीत कुणी विचारत नाही. विचारतात ते "डावा मेंदू गणिताचा आणि उजवा कलेचा ना?" नाही. मुलांचे दोन्ही मेंदू जागे करून देतो म्हणणाऱ्या क्लासची पाटी दिसली तर पुढे चालत राहा. मुलाचे दोन्ही मेंदू जागेच आहेत.

असो. माझी माकडं.

माझ्या वेळी माकडांच्या हातांबद्दल दोन तट होते. मॅकग्रू आणि मर्चंट यांनी १९९७ साली सगळं साहित्य चाळून म्हटलं होतं, की माणूस सोडला तर जातीचा असा कल कुठंच पक्का नाही. दुसऱ्या बाजूला विल्यम हॉपकिन्स. एका नळीत आत शेंगदाण्याचं लोणी लावायचं, चिंपांझीनं ती एका हातात धरायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं लोणी काढायचं. बोटाचा हात कोणता, ते मोजायचं. त्यात चिंपांझी उजवीकडे कललेले दिसत होते. त्यावरही भांडणं झाली, की एकाच चिंपांझीनं पन्नासदा बोट घातलं तर ते पन्नास पुरावे धरायचे की एक? आणि १९८७ सालचा एक सिद्धांत होता, मॅकनिलेज आणि सहकाऱ्यांचा. त्याच्यावर माझा जीव जडला होता. तो म्हणतो, झाडावर राहणाऱ्या आपल्या पूर्वजांनी उजव्या हातानं फांदी धरली आणि डाव्यानं किडा किंवा फळ झडप घालून घेतलं. जमिनीवर उतरल्यावर फांदीतून मोकळा झालेला तो बळकट उजवा हात बारीक कामाला लागला. किती छान बसतं ना सगळं? जे इतकं छान बसतं त्याचा संशय घ्यावा, एवढं तेव्हा कळत नव्हतं.

गंगाद्वाराच्या वाटेवर मी २००९ च्या पावसाळ्यानंतर बसायला लागले. लाल तोंडाची, डोक्यावर मधोमध भांग पाडून केसांची टोपी घातलेली माकडं. (काळ्या तोंडाचे वानर वेगळे. त्यांचा अंगठा आखूड, ते अख्ख्या पंजानं ओरबाडतात.) खालच्या टप्प्यावर सावलीची एक पायरी होती, तिथं माझी वही. भाविक फुटाणे, केळी, नारळाचे तुकडे देत. माकडं लोखंडी कठड्यावर बसून घेत. मी लिहायची, कुणी, कुठल्या हातानं. उजव्यातून डावं वजा करायचं, दोघांच्या बेरजेनं भागायचं. उणे आलं तर डावरं. दोन महिन्यांत उणे, उणे, उणे. एकेकाचा कल नव्हे, टोळीचा. उजव्यानं कठडा धरलाय आणि डाव्यानं फुटाणे झडपतायत. फांदीच्या जागी कठडा, किड्याच्या जागी फुटाणा, बाकी सिद्धांत जसाच्या तसा.

आता तो कार्तिकातला सोमवार.

माझा धाकटा भाऊ डबा घेऊन आला होता. आमची थोडी द्राक्षं आहेत दिंडोरीकडे, घड विरळ करायचं थिनिंग चालू होतं. दिवसभर कात्री चालवून त्याच्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी चिकटपट्टी होती. तो जन्माचा डावरा. आजी ताटावर बसली की "उजव्यानं जेव रे" हे तिचं पालुपद, शाळेत बाईंची पट्टी, आणि चौथीपर्यंत गडी लिहायला आणि जेवायला उजवा झाला. बाकी सगळं डावंच राहिलं. दगड मारणं, हातोडी, गाईला घास देणं. थिनिंगच्या कात्रीचं तर दुखणंच. उजव्यांसाठी केलेली कात्री डाव्या हातात धरली की दाब उलटा पडतो, पाती एकमेकांपासून सुटतात आणि कापायची जागा पात्याआड जाते. म्हणून तो उजव्यानंच कापतो. हळू कापतो. घड मोजून पैसे घेणाऱ्या बायका त्याला हसतात.

तर तो माझ्या शेजारी पायरीवर टेकला. वरच्या वळणावरच्या फुटाणेवाल्या मावशींकडे जाऊन त्यानं पुडी आणली होती. माझं लक्ष वहीत. कानफाट्या कठड्यावर येऊन बसला, तोच, ज्याच्यापुढे माझ्या वहीत सगळ्यात मोठा उणे आकडा होता. भावानं डाव्या हातात फुटाणे घेऊन हात पुढे केला. कानफाट्यानं उजव्यानं घेतले.

मी वर पाहिलं. भावानं परत दिले. परत उजव्यानं. तिसऱ्यांदा तर त्यानं धरलेला खांब सोडला, दुसऱ्या हातानं कठड्याची नळी धरली, आणि उजवा पुढे केला.

मागून येणाऱ्या एक काकू थांबल्या. "अहो दादा, देवाच्या दारात डाव्या हातानं देऊ नये." भाऊ हसला. अशा बोलण्याला तो कायम हसतो. आणि मी, जिनं प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात डावऱ्यांवर लादलेल्या उजवेपणाबद्दल दोन पानं लिहिली होती, मी वहीतून मान न काढता म्हटलं, "उजव्यानं दे रे. माझे आकडे बिघडतात."

तो काही क्षण तसाच बसला. मग पुडी डाव्या हातात घेतली, उजव्यात ओतायला गेला, चिकटपट्टीमुळे मूठ नीट मिटेना, आणि निम्मे फुटाणे पायऱ्यांवर सांडले. सगळी टोळी खाली उतरली. काकू किंचाळल्या. कुणाचं तरी केळं गेलं. त्या गदारोळात भाऊ उठला, पँटीला हात पुसला, आणि म्हणाला, "बरं ताई." एवढंच. डबा ठेवून गाडी काढायला खाली गेला. डब्यात मेथी होती.

माझ्या वहीत एक रकाना होता, 'बाह्य व्यत्यय'. कुत्रं भुंकलं, कुणी काठी उगारली, अशा वेळच्या नोंदी त्यात टाकून मोजणीतून वगळायच्या. मी त्या तीन नोंदींवर आडवी रेघ मारली आणि तिथं लिहिलं: भाऊ.

बातमी आली पौषात. कशी आली ते सांगण्यासारखं नाही, एका परिषदेत मी पोस्टर लावलं होतं, तिथं कुणी तरी वार्ताहर होता, आणि मला नाही म्हणता आलं नाही. आठवड्यानं मावशी म्हणाल्या, "ताई, माकडं डावरी म्हणून छापून आलंय म्हणे?"

"हो."

"खालच्या अंगाला असतील. इथं वर येऊन बसा ना एक दिस. इथं उजव्या हातानं लुटतात मेली."

वीस वर्षं त्या तिथं फुटाणे विकत होत्या. माझी वही अडीच महिन्यांची.

मी वर जाऊन बसले, एक दिवस नाही, अकरा. आणि पहिल्याच सकाळी मला जे दिसलं ते इतकं साधं होतं की लाज वाटते लिहायला. खालच्या टप्प्यात चढताना दरी आपल्या उजव्या हाताला, म्हणून कठडा उजवीकडे. त्यावर पायऱ्यांकडे तोंड करून बसलेल्या माकडाचा उजवा हात चढाच्या बाजूला येतो, डावा उताराच्या. तिरक्या नळीवरून घसरू नये म्हणून ते वरच्या बाजूचा खांब धरतं, म्हणजे उजव्यानं. आणि भाविक येतात खालून, म्हणजे त्याच्या डावीकडून. मोकळा हातही डावा, जवळचा हातही डावा. वळण घेतलं की दरी डावीकडे जाते, कठडा डावीकडे, आणि सगळा खेळ आरशातल्यासारखा उलटतो. मी माकडांचा मेंदू मोजत नव्हते. मी त्र्यंबकच्या डोंगराचा उतार मोजत होते.

पण एक गोष्ट बसेना. आरसाच असेल तर वर सगळं तितक्याच ठामपणे उजवं यायला हवं होतं. तसं येत नव्हतं. वर खिचडी होती, उजवीकडे जराशी झुकलेली. काहीतरी अजून डावीकडे ओढत होतं, आणि ते खाली-वर दोन्हीकडे होतं. तीन दिवस मी त्यावर डोकं आपटलं. चौथ्या दिवशी एक आजोबा केळं देत होते आणि त्यांच्या शेजारी लहान नातू डावा हात पुढे करून उभा होता. आजोबांनी न बघता त्याचा तो हात खाली दाबला आणि केळं त्याच्या उजव्या हातात दिलं.

माणसं समोरासमोर उभी राहतात तेव्हा माझ्या उजव्या हातासमोर तुमचा डावा येतो. आपल्याकडे देवाच्या वाटेवर कुणीही डाव्या हातानं काही देत नाही. डावरेसुद्धा देत नाहीत. शेकडो उजवे हात पुढे येणार, आणि समोरचं माकड जवळचा हात वापरणार, डावा. माझ्या वहीतला माकडांचा डावरेपणा म्हणजे आमच्या उजवेपणाचं प्रतिबिंब होतं. आणि ते दाखवणारा एकच माणूस त्या वाटेवर आला होता, त्याच्या नावावर मी रेघ मारली होती.

मार्गदर्शकांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "खालच्या जागेपुरतं लिही. जागेचं वर्णन पद्धतीत आहेच. खोटं काहीच नाही." खरंच नव्हतं. त्यांच्यावर मी पुष्कळ वर्षं राग धरला, आता तो पूर्वीसारखा येत नाही. कारण तोच विचार मी त्यांच्याकडे जायच्या आधी घरी बसून केला होता, आणि तीन आठवडे केला होता.

पीएचडी सोडली ती सत्यासाठी, असं काही जण माझ्या वतीनं सांगतात. कृपा करून सांगू नका. पैसे संपले होते, शिष्यवृत्ती लांबत होती, ज्युनिअर कॉलेजात जागा निघाली, आणि लाज वाटत होती. या चारांत लाज किती टक्के ते मला मोजता येणार नाही. पेपराला दुरुस्तीही मी कळवली नाही. कात्रण फ्रिजवर आणखी सहा वर्षं होतं, नवीन फ्रिज आला तेव्हा निघालं.

कधी कधी ती पंचवीस-सव्वीस वर्षांची मी समोर येऊन बसते आणि वाद घालते. ती म्हणते, "तीन फुटाणे. एक माणूस, एक माकड. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही हे तूच मुलांना शिकवतेस. नेहमीच्या परिस्थितीत न बसणारी नोंद वगळायची हा नियम होता, मी नियम पाळला." बरोबर आहे तिचं. मी म्हणते, "त्या तीन नोंदी डाव्या आल्या असत्या तर रेघ मारली असतीस का?" यावर ती गप्प बसते. पण ती हरली असं मला वाटत नाही. कारण मग ती विचारते, "आणि तू? आता तुला सगळं कळतंय, तर वर्गात डाव्या हातानं फळा पुसणाऱ्या मुलीकडे पाहून तुझ्या डोक्यात आधी काय येतं?" तेव्हा मी गप्प बसते.

म्हणजे माकडांना बाजू नाही असं का? नाही, तसंही म्हणवत नाही. नळीचा प्रयोग मुळात याचसाठी आहे, की बसायची जागा आणि देणाऱ्याचा हात यांची लुडबुड राहू नये. नळ्या माझ्याकडे होत्या, परवानगी नव्हती. २०२२ साली माकडं, वानर आणि माणूस धरून तीन डझनांहून जास्त जातींच्या सतराशेहून अधिक जणांवर त्याच नळीनं केलेलं काम आलं. एकेकट्याचे हात बहुतेक ठिकाणी ठरलेले, काही जातींत जातीचाही कल, पण माणसाइतका एकतर्फी कुणीच नाही. आणि हात किती पक्का, ते झाडावर राहणं आणि जमिनीवर राहणं यानुसार बदलतं. गोंबेच्या रानातले चिंपांझी काडीनं वाळवी काढताना तर डावीकडे कललेले आढळले आहेत. एकच जात, काम बदललं की कल बदलतो. आता सांगा, पंगतीत याचं एका शब्दात काय उत्तर देऊ?

आणि एक गोष्ट, जी कुणीच विचारत नाही. १९९२ साली नुडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छोट्या खारमाकडांच्या मेंदूत हाताचा नकाशा काढला. आवडत्या हाताचा नकाशा मोठा आणि जास्त गुंतागुंतीचा निघाला. आधी नकाशा मोठा म्हणून तो हात आवडता, की वापरून वापरून नकाशा मोठा झाला, ते त्यातून कळत नाही. आणि २००२ मध्ये जर्मनीत झिबनर यांनी अशी माणसं तपासली ज्यांना लहानपणी डाव्याचं उजवं करायला लावलं होतं. ती आयुष्यभर उजव्या हातानं लिहीत होती, अक्षरही चांगलं होतं. पण लिहिताना त्यांच्या मेंदूचा उजवा अर्धाही कामाला लागलेला दिसायचा, तो अर्धा जो डावा हात चालवतो. हात बदलला होता. मेंदूला कुणी कळवलं नव्हतं, किंवा कळवलं होतं आणि त्यानं ऐकलं नव्हतं.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी भावाला फोन केला. म्हटलं, गंगाद्वाराला तू एकदा डबा घेऊन आला होतास, फुटाणे सांडले होते, आठवतं?

"ज्या दिवशी माकडानं माझा चष्मा नेला तो दिवस?"

त्याचा चष्मा कधीच गेला नव्हता. तो गेला होता मामांचा, दुसऱ्याच वर्षी. मी म्हटलं, मी तुला म्हणाले होते, उजव्यानं दे.

"म्हणाली असशील," तो म्हणाला. "सगळेच म्हणतात." मागून कात्र्यांचा कटकट आवाज येत होता, थिनिंग चालू होतं. फोन कुठल्या हातात धरलायस, असं ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. तो म्हणाला, "थांब जरा, बाया जेवायला सुटल्यात, हजेरी घेतो," आणि फोन तसाच चालू ठेवून गेला. बराच वेळ मी नावं ऐकत बसले.